फेऱ्यांचा काटा आणि कुंकवाची रेघ

माझे मामा कानानं गाडी चालवतात, असं शिरूरच्या मोटार स्टँडवर सगळे म्हणायचे. इंजिन कुठं दमलं, गिअर कुठं बदलायचा, हे त्यांना आवाजावरून कळतं, नजर फक्त रस्त्याला, अशी त्यांची ख्याती होती. ही ख्याती इतकी पक्की होती की त्यांना ऐकू येईनासं झालंय, हे दोन वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मला ते मामीनं सांगितलं. मी तेव्हा शिरूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि एका खोलीत भाड्यानं राहत होतो. रविवारी सकाळी मामी मामांच्या गावाहून, खुटबावहून, एसटीनं आली. हातात बाजरीच्या पिठाचं गाठोडं होतं आणि काखेत लोकरीची पिशवी. ती कुठंही गेली तरी टकळी आणि लोकर बरोबर असायचीच. आमच्या दोन्ही घरांत मेंढरं आज्यापर्यंत होती, मग शेती आली. पण बायकांच्या हातची टकळी काही सुटली नव्हती.

ती उंबऱ्याजवळ बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "तुझ्या मामाला ऐकू येत न्हाई."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली. डावा कान आदी गेला, इंजनाच्या अंगाचा. मग उजवा. समोरच्याचं ओठ बघून वळखत्यात, म्हून कुनाला कळलं न्हाई."

"मग गाडी कशी चालवतात?"

"पायानं. तळपायाला कळतंय म्हनत्यात. आतापत्तुर कळत हुतं. आता न्हाई कळत. मालकानं इंजन बदललं न्हवं का."

मग तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. मामांच्या मालकाकडं लष्करी लिलावातले दोन जुने ट्रक होते, दोन्ही पेट्रोलवर चालणारे. पेट्रोल परवडेना म्हणून मालकानं दौंडच्या एका मिस्त्रीकडून दोन्हीत जुनी डिझेल इंजिनं बसवून घेतली. पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरला पेट्रोलच्या इंजिनाची सवय. त्यानं डिझेलही तसंच ताणलं आणि महिन्याच्या आत कनेक्टिंग रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. इंजिन भंगारात गेलं. दुसरा ट्रक मामांचा. त्याच्या पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाला ठरावीक वेगापुढं जाऊ न देणारा भाग, झिजलेला होता आणि नवा मिळत नव्हता. म्हणून मिस्त्रीनं सांगून ठेवलं होतं, की मिनिटाला दोन हजार फेऱ्या, त्यापुढं जायचं नाही. शंभर वर गेलात तर मला विचारू नका.

आणि मिस्त्रीनंच मामांचा ट्रक दोनदा दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळताना ऐकला होता. त्यानं ते मालकाच्या कानावर घातलं. मालक म्हणाले, येत्या रविवारी मी स्वतः गाडीत बसतो. भरल्या गाडीनं शिरूर ते दौंड. इंजिन एकदा जरी हद्दीच्या वर गेलं तरी किल्ली दौंडच्या दुसऱ्या ड्रायव्हरला. माणूस ठरलेलाच होता.

"तवा ह्यांनी मला काय सांगितलं ठावं हाय?" मामी म्हणाली. "म्हनले, तळपायाला समदं सारखंच लागतंय. उभी गाडी बी हादरती आन् पळती बी हादरती."

"मग मी काय करू?"

"त्या गाडीत एक काटा हाय, फेऱ्या दावणारा. पेट्रोलवर व्हती तवा चालायचा. इंजन बदललं तवापासनं मेलाय. त्यो चालू करून दे. तू एवढा शिकलास."

मी म्हणालो, "होईल."

इंजिनाला मी आयुष्यात हात लावलेला नव्हता. पण मी बी.एस्सी. होतो, आमच्या घराण्यातला पहिला, आणि खरं सांगायचं तर माझ्या गावच्या, केंदूरच्या, आमच्या समाजाच्या दहा घरांत पहिला. त्या काळात मला कुणी काही विचारलं की 'येत नाही' हा शब्द तोंडातून निघत नसे. त्याचा अभिमान मला आजही थोडा आहे, हे लपवत नाही. हातात आठ दिवस होते.

ट्रक रात्री मालकाच्या गोदामामागं उभा असायचा, दुपारी चारनंतर तिथंच माल भरायला यायचा. शाळा सुटली की मी तिकडं जायचो. गोदामातली माणसं विचारायची, मास्तर इकडं कुठं? मी म्हणायचो, शाळेतल्या मुलांना डिझेल इंजिन शिकवायचंय, बघतोय. खोटं होतं, पण पूर्ण खोटं नव्हतं.

पहिल्या दिवशी कळलं ते एवढंच. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. ती वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर इंजिनाबरोबर फिरतो, आणि काट्याची केबल त्याच्या बुडातून निघायची. केबल म्हणजे नळीतली फिरती तार. इंजिन फिरलं की तार फिरणार, तार फिरली की काटा हलणार. डिझेलला ठिणगीच लागत नाही. डिस्ट्रिब्यूटर गेला आणि केबलचं टोक मिस्त्रीनं सुतळीनं बांधून एका कोपऱ्यात लोंबतं ठेवलं.

मंगळवारी मी शाळेतून सुट्टी काढून दौंडला गेलो आणि मिस्त्रीलाच विचारलं, केबल कुठं जोडता येईल?

तो दुसऱ्या गाडीखाली झोपलेला होता. तिथूनच म्हणाला, "डिझेलला काटा कशाला पायजे मास्तर? डायवरला कान हायेत की."

मी वाकून गाडीखाली बघितलं.

"तुमच्या मामाला तर सगळ्यात चांगलं हायेत म्हनत्यात," तो म्हणाला. "मंग इंजनाला असं का मारतो त्यो, त्ये मला कळंना. वय झालं आसंल."

"वय नाही," मी म्हणालो. "सवय. पेट्रोलची."

तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसत माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता हा ओळखणार. पण तो म्हणाला, "पंपाचं टोक मोकळं न्हाई. डायनमोच्या मागचं हाय. तिथनं घ्या. पर डायनमो लई पळतो, काटा खोटं बोलंल, आदीच सांगतो."

ही माहिती लाखमोलाची होती. डायनमो पट्ट्यावर फिरतो. मी सुतळीनं दोन्ही पुल्या, म्हणजे पट्ट्याची चाकं, मोजल्या. डायनमो इंजिनाच्या दीडपट फिरत होता. मीटरला मात्र केबल इंजिनाच्या निम्म्यानं फिरलेली हवी होती. म्हणजे डायनमो आणि केबल यांच्यामध्ये असं काहीतरी हवं, की जे वेग तिपटीनं कमी करील. डायनमोच्या तीन फेऱ्या, केबलची एक.

हे सापडायला बुधवारचा अख्खा दिवस गेला. वर्गात फळ्यासमोर उभा राहूनही डोक्यात तेच. सापडलं मिशनच्या शाळेत. तिथल्या शिवणाच्या बाई माझ्या ओळखीच्या होत्या. नाताळात त्यांच्याकडून मला दरवर्षी केक यायचा. त्यांच्या वर्गात हातानं फिरवायची एक मोडकी मशीन पडली होती. मी तिचा दांडा सहज फिरवला आणि तिथंच थांबलो. दांडा एकदा फिरला की मशीनचं चाक तीनदा फिरत होतं. मोठा गिअर आणि छोटा गिअर. ती जोडी उलटी लावली की माझं काम.

"बाई, ही जोडी मला द्याल का?"

"काय करणार?"

"एका माणसाची नोकरी वाचवायचीय."

त्यांनी स्वतःच्या हातानं खीळ काढून जोडी दिली. नुसतं म्हणाल्या, "तेल भरपूर घाला, नाहीतर दात झिजतील."

गुरुवारी आणि शुक्रवारी एका लोहाराकडून पत्र्याची पेटी करून घेतली, तिच्यात ती जोडी बसवली, ग्रीस भरलं, डायनमोच्या टोकाला जोडली. शुक्रवारी संध्याकाळी मामांनी इंजिन चालू केलं. काटा थरथरला, उठला आणि पाचाच्या पुढं जाऊन उभा राहिला. तबकडीवर आकडे शेकड्यांत होते. पाच म्हणजे पाचशे.

मामा काट्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हळूच पायडल दाबलं, काटा चढला. सोडलं, उतरला. असं चार-पाच वेळा केलं. ते नेहमीच मोठ्यांदा आणि सपाट आवाजात बोलायचे. लोकांना वाटायचं ड्रायव्हर माणूस, असंच बोलणार. ते म्हणाले, "खरं सांगतोय का त्यो?"

हाच प्रश्न होता. मिस्त्री म्हणाला होता, काटा खोटं बोलेल. इंजिनाच्या खऱ्या फेऱ्या मोजल्याशिवाय काट्याचा भरवसा नव्हता, आणि मोजायचं यंत्र शिरूरात कुणाकडं असणार? डोळ्यानं तर मोजता येत नाहीत. मी खोलीवर येऊन डोकं धरून बसलो. मामी आठवडाभर माझ्याकडंच राहिली होती. चुलीशेजारी टकळी फिरवत बसली होती. टकळी फिरत होती, सूत गुंडाळलं जात होतं. मी बघत राहिलो.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी आम्ही तिघं गोदामामागं. ट्रकच्या पुढच्या बाजूला हँडल मारायची खाच असते, ती थेट इंजिनाच्या दांड्याची. तिच्यात मी बाभळीचा खुंटा ठोकून घट्ट बसवला, वीतभर बाहेर राहील असा. इंजिन एकदा फिरलं की खुंटा एकदा फिरणार. खुंट्याला थोडी राळ लावली. मामा गाडीत, पायडलवर पाय; काटा जिथं मी बोटानं दाखवला तिथं हलू न देता धरायचा. मामी समोर उकिडवी, हातात लोकरीच्या सुताचा गुंडा. मी घड्याळ घेऊन, दुसऱ्या हातात विळा.

मी मान हलवली. मामीनं सुताचं टोक खुंट्याला टेकवलं आणि ते झटक्यात ओढलं गेलं. गुंडा तिच्या हातात उड्या मारायला लागला. अर्धं मिनिट. मी विळ्यानं सूत कापलं. मामांनी इंजिन बंद केलं.

खुंटा काढून मामी मातीत बसली आणि सूत उलगडत फेऱ्या मोजायला लागली. मी म्हणालो, मी मोजतो. ती म्हणाली, तुझी बोटं लोकरीला सवकलेली न्हाईत, तोडशील. तिचे ओठ हलत होते. वीस झाले की एक खडा बाजूला. आमच्याकडं मेंढरं विसानं मोजतात, वीस म्हणजे एक खंडी. शेवटी ती म्हणाली, "चोवीस खंड्या. वर काय न्हाई."

चोवीस विसा चारशे ऐंशी. अर्ध्या मिनिटाचे. मिनिटाला नऊशे साठ. आणि मामांनी काटा धरला होता तो साडेनऊच्या किंचित पुढं, नऊशे साठच.

इतका नेमका मेळ. मी पुल्या मोजून केलेलं गणित, मिशनची शिवणमशीन आणि मामीची लोकर, तिन्ही एका आकड्यावर आली. मला वाटलं, कागदावरची पदवी आज खरी झाली.

"पुन्यांदा मोजू का?" मामी म्हणाली.

"नको. जुळलं."

तिनं कुंकू तेलात कालवलं आणि काट्याच्या काचेवर विसाच्या आकड्यावर बोटानं एक रेघ ओढली. मामांना ती रेघ दाखवली, बोटानं सांगितलं, हिच्या पलीकडं न्हाई. मामांनी मान डोलावली. रेघेकडं त्यांनी ज्या विश्वासानं बघितलं, तो विश्वास माझ्यावर होता.

रविवारी सकाळी कांद्याच्या गोण्या भरून गाडी निघाली. उजवीकडं मामा, मध्ये मी, डावीकडच्या दारापाशी मालक. मी का, असं मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, काटा मी बसवलाय, काही झालं तर बघायला. त्यांना ते पटलं. मालक धोतर-कोटातले, कमी बोलणारे गृहस्थ. पहिल्या ट्रकचं इंजिन फुटल्यापासून ते प्रत्येक आवाजाला कान द्यायचे.

गाडी छान चालली. मामांची नजर रस्त्यावरून काट्यावर, काट्यावरून रस्त्यावर. काटा पंधराला आला की गिअर, अठराला कधी, विसाला एकदाही नाही. न्हावरं गाव गेल्यावर मालक वाकून म्हणाले, "डायवर, मागचं डावं टायर बदललं का?"

मामांनी ऐकलं नाही. मी पटकन म्हणालो, "रस्ता खराब आहे शेठ, लक्ष तिकडं आहे त्यांचं."

थोड्या वेळानं पुन्हा, मोठ्यांदा, "डायवर, टायर."

मी म्हणालो, "इंजिनाचा आवाजच एवढा आहे, मलाही ऐकू येईना."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग मामांकडं. त्यांनी पानाचा डबा उघडला.

नदीच्या अलीकडं रस्ता एकदम खाली उतरतो. खाली बुटका फरशी पूल, पलीकडं तसाच उभा चढ. उताराच्या तोंडाशी मेंढरं आडवी आली. मामांना ती दिसली, गाडी थांबली. एक म्हातारे मेंढपाळ काठी आडवी धरून मालकांच्या खिडकीशी उभे राहिले. आमच्याकडचेच, घोंगडीवरून कळत होतं.

मालकांना वेळ घालवायचा होता. म्हणाले, "आबा, किती मेंढरं?"

"सा खंड्या."

"म्हणजे एकशेवीस."

"एकशेवीस तुमच्यात. आमच्यात एकशे सव्वीस." म्हातारबा हसले. "खंडीमागं एक देवाचं. त्ये मोजायचं नसतंय, नुसतं सोडायचं."

मालक हसले. मीही हसलो. मेंढरं गेली, मामांनी दुसरा गिअर टाकला आणि गाडी उताराला लागली.

गाडी पन्नास-साठ पावलं खाली गेली असेल, तेव्हा मला आमच्या घरचं जुनं मोजणं आठवलं.

मी सहा वर्षांचा असेन. आजा मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी वाकून उभा, मेंढरं एकेक करून त्याच्या पायातून चाललेली. वीस झाले की पुढच्या मेंढराच्या पाठीला तो हात लावायचा, हात कपाळाला लावायचा, आकडा नाही म्हणायचा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. नवव्या वर्षी मला शिरूरच्या बोर्डिंगात घातलं. तिथून पुढं माझं वीस म्हणजे वीस.

मामीच्या तोंडून खंडी निघाली की तिच्यात एकवीस असतात. सुताची खंडी असली तरी. एकवीसच्या चोवीस खंड्या म्हणजे पाचशे चार. मिनिटाला हजार आणि वर आठ. पट्टा सरकत होता आणि काटा कमी दाखवत होता. विसाच्या आकड्यावर काढलेली रेघ खरी एकवीसशेवर होती. शंभर वर.

काटा अठराला होता. भरलेली गाडी उतारावर इंजिनाला ढकलत होती. एकोणीस. मामा शांत. त्यांचं सगळं ध्यान कुंकवाच्या रेघेवर. रेघेला टेकायच्या आत ब्रेक, असा त्यांचा हिशोब होता. जुनी गाडी, ब्रेक तापू नयेत म्हणून ते इंजिनावरच गाडी धरायचे, शक्य तितका वेळ. एकोणीसच्या पुढं.

ओरडलो असतो तर त्यांना ऐकू गेलं नसतं, आणि मालकांना सगळं कळलं असतं. दंडाला धरलं असतं तर हातातलं चाक हललं असतं, आणि डावीकडं नदी होती. इंजिनाचा आवाज बदलायला लागला होता. मालकांनी पानाचा डबा मिटला.

मी अंगठा ओला केला, पुढं वाकलो आणि काचेवरची रेघ पुसून टाकली.

मामांचं अंग एकदम ताठ झालं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, अगदी क्षणभर. मी त्याच लाल अंगठ्यानं एकोणीसच्या आकड्यावर नवी रेघ ओढली. वाकडी, फराटा पडलेली. काटा तिच्या पलीकडं होता.

मामांनी ब्रेक दाबला. साडेअठरा. अठरा. सतरा. आवाज खाली आला. गाडी फरशीवर उतरली, पाणी दोन्ही बाजूंनी उडालं, आणि पलीकडच्या चढाला त्यांनी काटा नव्या रेघेच्या आत ठेवूनच गाडी वर काढली.

चढ संपल्यावर मालक माझ्या कानाशी ओरडले, "काय केलंत मास्तर ते?"

"रेघ चुकीची होती. शंभरानं जास्त."

"कुणी काढली होती?"

मामीनं, असं म्हणता आलं असतं. मोजणीही तिचीच होती. मी म्हणालो, "मी. मी बी.एस्सी. आहे, पण मोजणी पडताळून घेतली नाही. पुन्हा मोजू का, असं मला विचारलं होतं, मी नको म्हणालो."

हे बोलायला मला किती जड गेलं ते आता सांगून उपयोग नाही.

दौंडच्या मालधक्क्यावर गाडी लागली. मालक उतरले, पुढं जाऊन बॉनेट उघडायला लावलं, तेल बघितलं, वास घेतला. मिस्त्रीला बोलावणं पाठवलं. मग मामांकडं पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "डायवर, टायर बदललं का?"

मामा गोणीची दोरी सोडत होते. मी तोंड उघडलं.

"तुम्ही गप बसा मास्तर," मालक म्हणाले. "त्यांना विचारलं मी."

मामांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, मालकांच्या पाठीकडं बघितलं आणि त्यांना उमगलं. त्यांनी दोरी सोडली, मालकांना वळसा घालून समोर येऊन उभे राहिले. त्यांच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाले, "मालक, मला ऐकू येत न्हाई. दोन वर्सं झाली. तुम्ही काय इचारलं त्ये मला ठावं न्हाई. इंजन मी मारलं त्ये खरं हाय, मला आवाज आला न्हाई म्हून मारलं. आज काट्यावर आनलं. एवढंच."

हमाल थांबून बघायला लागले. मिस्त्री तेवढ्यात आला होता, त्यानंही ऐकलं. तो खाली बघत म्हणाला, "च्यायला. आन् मी म्हनलं डायवरला कान हायेत."

मालक गाडीत वाकून काचेवरचा फराटा बघून आले. मग मिस्त्रीला म्हणाले, "ह्या मास्तरांचा काटा खरा का खोटा ते मला आत्ता बघायचंय."

लोकर पिशवीत होती, मामीनं मुद्दाम दिलेली. मालधक्क्यावर, सगळ्यांसमोर, पुन्हा खुंटा ठोकला. या वेळी घड्याळ मिस्त्रीच्या हातात होतं. सूत उलगडायला मी बसलो. दोनदा तुटलं, दोनदा गाठ मारली. एक, दोन, तीन, असं पाचशे चारपर्यंत मोठ्यांदा मोजलं, देवाचं एकही न सोडता. तोंडाला कोरड पडली. काटा नऊशे साठवर होता. मिस्त्रीनं दुकानातून लाल रंग आणला आणि माझ्या फराट्यावर, एकोणीसच्या आकड्यावर, बारीक नीट रेघ ओढली.

मग मालक मामांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले. ओठ नीट हलवत, सावकाश बोलले. पुण्यात गाडी न्यायची नाही. माणसं बसवायची नाहीत, फक्त माल. शेजारी एक जाणता क्लीनर कायम, मागून हॉर्न वाजला की मामांच्या दंडाला हात लावायला. "आणि हा काटा बंद पडला की गाडी जिथं असेल तिथं उभी करायची. पुढं एक पाऊल नाही. कळलं?"

मामा म्हणाले, "कळलं."

त्या गाडीवर ते पुढं चार वर्षं होते. शिवणमशीनच्या गिअरचे दात दोनदा झिजले, दोनदा मी जोडी शोधून आणून बसवली. तिसऱ्यांदा जोडी मिळाली नाही. काटा पाटसच्या अलीकडं मेला. मामांनी गाडी तिथंच झाडाखाली लावली, क्लीनरला राखणीला ठेवलं, एसटीनं शिरूरला आले आणि किल्ली मालकांच्या हातात दिली. ती त्यांच्याकडं कुणी मागितली नव्हती.

मामीला मी तिची मोजणी समजावून सांगितली तेव्हा तिला त्यात चूक काय तेच कळेना. "देवाचं सोडायचं न्हाई व्हय?" एवढंच म्हणाली. मी शाळेत नंतर तीस वर्षं मापनाचा धडा शिकवला. प्रत्येक वर्षी मुलांना आधी विचारायचो, तुमच्या घरात वीस म्हणजे किती?

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. मालक रेल्वेनं पुण्याला गेले, रिकामी गाडी घेऊन आम्ही दोघंच परत निघालो. नदीच्या त्याच उतारावर मामांनी काटा अठराला धरला होता. रंगाच्या रेघेपासून चांगला बोटभर आत. रिकामी गाडी, वेळ होत होता. मी त्यांच्या दंडाला हात लावला, रेघेकडं बोट केलं आणि ओठ हलवून म्हणालो, तिथपर्यंत चालतं, आता खरी आहे.

मामांनी माझे ओठ वाचले. रस्त्यावर नजर ठेवून म्हणाले, "असू दे. एवढं देवाचं सोडलं."